सात फुटी पलंगाची पाठवणी

"टेप नवशिक्यांसाठी असते!" हे वाक्य आमचे टेलरमास्तर गेली बावीस वर्षं ऐकवत आले आहेत, आणि तेही गळ्यात टेप लटकवून! "गिऱ्हाईक पायरी चढलं की मला त्याची कंबर कळते, बाकावर बसलं की बाही कळते. टेप आपली त्याच्या समाधानासाठी."

आता खोटं कशाला बोला, मास्तरांच्या हातचा शर्ट घट्ट झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. सैल झाला असं म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत! कारण मास्तर माप घेतात ते अगदी बरोब्बर, पण कापड कापताना त्यात माया धरतात. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस अंगानं भरला की शिवण उसवायची आणि कपडा वाढवायचा. सगळेच शिंपी बोटभर माया ठेवतात. मास्तर चार बोटं ठेवतात. "कापड आटतं आणि माणूस सुटतं," हा त्यांचा सिद्धांत. "कमी पडलं तर जोड दिसतो. जास्त झालं तर दुमडता येतं!"

तर अशा मास्तरांनी एके दिवशी जाहीर केलं, की सासूबाईंसाठी पलंग ते स्वतः निवडणार. "लोक जन्मात दोन पलंग घेतात. मी रोज दहा मापं घेतो. तू निर्धास्त राहा!" असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि ती बिचारी खरंच निर्धास्त राहिली.

इथे सासूबाईंची ओळख करून द्यायलाच हवी, कारण अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. नवरा गेला तेव्हा त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान लोक विकायला निघाले होते. बाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. तीस वर्षं पंक्चरं काढली, वाकड्या चाकांचे आऊट काढले, एकुलत्या एका लेकीला शिकवून पोस्टात लावलं. आता दुकान बंद, गुडघे कुरकुरतात, पण दोन खोल्यांत एकट्याच राहत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तशाच पडून होत्या. तेव्हापासून लेक रोज फोनवर एकच पालुपद लावायची, "आई, आमच्याकडे ये." आणि आई म्हणायची, "पाहुणी चार दिवस गोड. पाचव्या दिवशी अडगळ."

शेवटी या महिन्यात त्या कबूल झाल्या. अट एकच. "मला माझं दार हवं. आतून कडी लागणारं. मनात आलं तर लावीन, मनात आलं तर उघडीन. पडदा चालणार नाही, कपाट आडवं लावलेलं चालणार नाही. दार लागलं नाही तर आल्या पावली परत!"

आणि ही पोकळ धमकी नव्हे हं! डॉक्टरांनी त्यांचा नंबर डावलून ओळखीच्या माणसाला आत घेतलं, तेव्हा ही बाई अंगात ताप असताना दवाखान्यातून उठून चालत घरी गेली होती. त्यामुळे बायकोला त्या दाराची केवढी धास्ती होती ते तुमच्या लक्षात येईल. आईला पुन्हा न्हाणीघराच्या फरशीवर एकटं पडायचं नसेल, तर ती कडी लागायलाच हवी होती.

मास्तरांच्या दुकानामागे एक खोली होती. तिच्यात कापडाचे तागे आणि मुंडकं तुटलेला एक पुतळा राहायचे. तागे माळ्यावर गेले, पुतळा जिन्याखाली गेला, भिंतींना रंग लागला. खोली नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. दार जाडजूड, कडी दणकट, उघडायचं आत. त्याला फिरायला अडीच फूट लागत. नवातून अडीच गेले, उरले साडेसहा. इथवर मास्तरांचं गणित चोख होतं.

पलंगाचं दुकान होतं दोनशे दहा किलोमीटरवर, हायवेच्या कडेला, आणि त्याच्याकडचे पलंग फोनवर चित्रात बघून मागवायचे. सुटी फळ्यांचं खोकं घरी येतं आणि जोडणी आपण करायची. पलंग दोन मापांत होते, साडेसहा फूट आणि सात फूट, रुंदी दोन्हींची चार फूट. मास्तरांचं बोट साडेसहावर गेलं, थबकलं, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं खाली सरकलं. सात! अर्धा फूट माया! बायको पोस्टातून सहा वाजता यायची, आणि मास्तरांनी बटण दाबलं पाच वाजता.

मास्तरांच्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, सकाळी खोकं आलं. आत पांढऱ्या फळ्या, बत्तीस लांब स्क्रू आणि एक चित्रांची वही. "हिच्यात एक अक्षर नाही! नुसता एक टकला माणूस हसतोय!" मास्तर म्हणाले. पण त्या टकल्याच्या हसण्यावर भरवसा ठेवून त्यांनी चार तासांत, उघड्या दाराआड, पलंग उभा केला. आणि काय पलंग होता! ना करकर, ना डुगडुग. संध्याकाळी बायको आली, कडेवर बसली, हात फिरवला.

"छान आहे हो."

"छान? अगं, आई पाय पसरून झोपतील आणि वर पाहुण्यांना जागा राहील!"

"बघू, दार लावून बघू."

तिनं दार ओढलं. दार मोठ्या दिमाखात निघालं आणि ठक्! पलंगाच्या पायथ्यावर आपटून थांबलं.

"ओढ जरा," मास्तर म्हणाले.

ठक्!

"जरा उचलून ओढ."

ठक्! दाराला ओरखडा पडला. बायकोनं पलंगाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग नवऱ्याकडे. "हा केवढा आहे?"

"सात."

"आणि जागा?"

"साडेसहा. पण ही अर्धा फूट माया! जास्त झालं तर दुमडता..." इतकं बोलून मास्तर थांबले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही.

पलंग आडवा लावायला खोलीची रुंदीच सहा फूट! उलटा फिरवून पाहिला. पण पलंग डोक्याकडून मोजा नाहीतर पायाकडून, सात फूट ते सातच. नाकापेक्षा मोती जड झाला होता. सासूबाई रविवारी सकाळी येणार होत्या.

"पायाकडून अर्धा फूट कापू का?" मास्तरांनी विचारलं.

"हात लावू नका!" बायको ओरडली. "परत करायचा. याचे पैसे आले की मापाचा दुसरा आणायचा." ती वीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. पत्ता चुकला की टपाल परत, हा तिचा शिरस्ता. आणि मास्तरांनाही ते पटलं. कपडा बसत नसेल तर कपडा बदलतात, गिऱ्हाइकाला कोण कापतं?

बायकोनं फोन लावला. आधी यंत्रानं एक दाबा, चार दाबा, परत एक दाबा, असं बोटांना भरपूर फिरवून आणलं, मग एक माणूस आला.

"पलंगात काही दोष आहे का, मॅडम?"

"पलंगात नाही."

"मग कशात आहे?"

बायकोनं एकवार मास्तरांकडे पाहिलं, आणि केवळ संसार टिकावा म्हणून म्हणाली, "खोलीत आहे. खोली लहान पडतेय."

"खोल्या आम्ही विकत नाही, मॅडम."

"मला माहितीय! मला पलंग परत करायचाय!"

"मग तसं सांगा ना. घरून न्यायला गाडी तीन आठवड्यांनी येईल. घाई असेल तर शनिवारी दुपारपर्यंत स्वतः आणून द्या. सगळे भाग पूर्ण, कुठे खरचटलेलं नको, आणि मूळ पॅकिंगमध्ये."

तिनं फोन ठेवला. "खोकं कुठाय?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"अहो, खोकं कुठाय?"

"अगं, असा ताठ पुठ्ठा हल्ली मिळत नाही..." मास्तरांचा आवाज खाली खाली जात चालला होता. "दुपारी हात रिकामे होते..."

कापायच्या टेबलावर रचून ठेवलं होतं ते खोकं! कॉलर, कफ, बाही, पुढचा भाग, पाठ, खिसा, सगळे नमुने, लहान, मध्यम आणि मोठ्या मापात. एकूण एक्केचाळीस तुकडे! दुसऱ्या कुणा माणसानं रिकामं खोकं फार तर फाडलं असतं. पण दुपारभरात त्याचे शर्ट बेतणारा माणूस एकच, आणि तो सासूबाईंचा जावई होता.

आता दुसरी कुणी असती तर तिनं कपाळ बडवून घेतलं असतं. मला या बाईचं कौतुक वाटतं ते इथे. ती पाच मिनिटं नुसती त्या ढिगाकडे बघत उभी राहिली, आणि मग म्हणाली, "एकही तुकडा हरवला नाहीये ना?"

"छे! नमुने मी जिवापाड जपतो, कतरणसुद्धा टाकत नाही."

"मग शिवा."

"काय?"

"खोकं शिवा. फाटकी पार्सलं मी रोज सांधून पुढे पाठवते. शिवता तुम्हाला येतं, पार्सल मला कळतं. उद्या-परवा मी रजा टाकते."

शुक्रवारी सकाळी आधी पलंग सुटा झाला. फळ्या मोजल्या, बरोबर. स्क्रू मोजले, एकतीस! पुन्हा मोजले, एकतीस! बायकोनं खोली झाडली, गादी झटकली, मशीनचा खण उपडा केला, स्वतःचा अंबाडा सोडून बघितला. मास्तर गुडघ्यांवर रांगत प्रत्येक कोपरा शोधत होते, पण तोंडानं चकार शब्द नाही.

"अहो, शेवटचा कुठे ठेवला होतात? आठवा ना!"

"म्म."

"म्म काय? बोला की!"

"म्म्म!" मास्तरांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांनी ओठांतून स्क्रू काढला. टाचण्या ओठांत धरायची सवय! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा दातांत होता.

मग सुरू झालं ते काम मला प्रत्यक्ष बघायला मिळायला हवं होतं. बायको तुकडे मांडायची, "ही बाही इथं, हा कफ तिच्याखाली," आणि मास्तर अरीनं भोकं पाडून मेणाचा दुहेरी दोरा ओवायचे. खोक्यावर छत्रीचं चित्र छापलं होतं, ते नेमकं दोन कॉलरी आणि एका खिशात विभागलं गेलं होतं. चौकडीच्या शर्टाला खिसा लावताना चांगला शिंपी चौकडीला चौकडी जुळवतो. तशी मास्तरांनी छत्रीला छत्री जुळवली, दांडीसकट! पुठ्ठा एकावर एक चढवला तर खोकं लहान पडलं असतं, म्हणून कडेला कड लावून शिवायचं होतं. माया म्हणून नावाला नाही! त्या दिवशी मास्तरांनी प्रत्येक तुकडा टेपनं मोजला, आणि मग पुन्हा मोजला. बायकोनं ते पाहिलं, आणि चहाचा कप त्यांच्या शेजारी आणून ठेवला.

नेमका तेव्हाच फोन वाजला आणि तो मास्तरांनी उचलला.

"जावईबापू, खोली तयार?" सासूबाई!

"हो तर! रंगसुद्धा दिलाय! फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही! दार आहे! एकदम दणकट! सध्या ते, म्हणजे, उघडंच असतं."

"उघडं असतं की लागत नाही?"

"लागेल ना! रविवारपर्यंत नक्की लागेल!"

पलीकडे नुसतं "बरं," आणि फोन बंद.

"काय म्हणाली आई?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. बरं म्हणाल्या."

"नुसतं बरं?" बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, दवाखान्यातून उठली तेव्हापण ती नुसतं बरंच म्हणाली होती!"

दोघंही घाईघाईनं पुठ्ठ्याकडे वळली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्या घरात दोऱ्याचा सूं सूं आवाज चालू होता.

शनिवारी पहाटे टेम्पोवाला आला. तो मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक, हे त्याच्या पँटवरून कुणीही ओळखलं असतं, कारण तो ती एका हातानं धरून चालत होता. खोकं पाहून तो म्हणाला, "मास्तर, हे माझ्या पँटपेक्षा बरं शिवलंय!"

"त्याला वाढायचं नाहीये," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

पाच तासांनी ते दुकान आलं. दुकान कसलं, आत टेम्पो हरवेल एवढं गोदाम! परतीच्या काउंटरवर निळ्या टी-शर्टातली एक मुलगी होती. तिनं खोकं पाहिलं. जवळ येऊन पाहिलं. मग बोटानं चाचपलं.

"हे... शिवलंय?"

"हो," बायको म्हणाली.

"मॅडम, मूळ पॅकिंग लागतं."

"मूळच आहे. बाहेरचा बोटभर पुठ्ठा निघाला तर दाखवा."

"पण हे कापलंय!"

"न कापता उघडतं का कुणी?"

"चिकटपट्टी कापतात, मॅडम! खोकं नाही!"

आता आवाज चढणार असं मास्तरांना वाटलं. मागे रांग होती, रांगेत एकजण खुर्ची डोक्यावर घेऊन उभा होता आणि त्याला कौतुकाला वेळ नव्हता. पण बायकोनं काउंटरवर हात टेकले आणि अगदी हळू बोलली. "हे बघ बाळा, मी वीस वर्षं अशाच खिडकीच्या आतल्या बाजूला बसते. दिवसभरात तुला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहितीय. मी ओरडणार नाही. आपण दोघी तुमचा नियम वाचू. त्यात नाही बसलं तर मी हा पलंग उचलून घरी नेईन."

त्या मुलीनं नियमांचा कागद पुढे केला. दोघींनी डोक्याला डोकं लावून वाचला. 'मूळ पॅकिंगमध्ये' असं होतं. कापू नये असं नव्हतं, शिवू नये असंही नव्हतं. मुलीनं पेन चावलं आणि सुपरवायझरला बोलावलं.

सुपरवायझर आला, घड्याळात बघत आला. खोक्यापाशी येऊन मात्र थांबला. एका शिवणीवरून बोट फिरवत तो टोकापर्यंत गेला. छत्रीपाशी वाकला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकला. "हे कुणी केलं?"

पोलिसानं हटकावं तसे मास्तर पुढे आले, आणि सगळंच ओकून मोकळे झाले. "मी केलं! मीच कापलं, मीच शिवलं! पलंगाचं मापही माझंच चुकलं, साडेसहाच्या जागेत सात घेतला! साहेब, उद्या सासूबाई येतायत. दार लागलं नाही तर त्या परत जातील. एकदा एकट्या पडल्या होत्या, दोन तास कुणाला कळलं नाही. त्या परत गेल्या तर ही पुन्हा रोज रात्री जागी राहील, मला माहितीय, मी झोपेचं सोंग घेतो, तिला वाटतं मी झोपलोय..." एवढं बोलून मास्तर बाहीनं डोळे पुसू लागले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांच्या संसारात हे तिला आज परक्या काउंटरवर कळत होतं!

सुपरवायझरनं घड्याळावर बाही ओढली. मग म्हणाला, "सामान तपासावं लागेल. उघडावं लागेल हे."

"उसवतो," मास्तर नाक पुसत म्हणाले, "आणि तपासून झालं की परत शिवतो. वीस मिनिटं!"

आणि शिवलं की हो! फळ्या पूर्ण, ओरखडा नाही, आणि बत्तीस स्क्रू कापडी पट्टीवर बत्तीस खणांत ओळीनं बसलेले. मास्तर दुसऱ्यांदा टाके घालत होते तेव्हा पॅकिंगवाले चौघे जण कडेनं उभे राहिले. खुर्चीवाल्यानंसुद्धा खुर्ची डोक्यावरून उतरवली आणि तिच्यात बसून पाहिलं. "शिक्का मार," सुपरवायझर त्या मुलीला म्हणाला. "बावीस वर्षं मी पॅकिंग बघतोय. असं आमच्या कारखान्यातून येत नाही!"

साडेसहा फुटी पलंग मात्र त्यांच्याकडे पुढच्या महिन्यापर्यंत नव्हता. "हरकत नाही!" मास्तर म्हणाले. "पैसे परत आले! उद्या सकाळी आपल्याच बाजारातून घेऊ, टेपनं मोजून!"

परतीच्या वाटेवर मास्तर जे बोलायला लागले ते थांबेचनात. पहिल्या तासात सुपरवायझरनं त्यांची पाठ थोपटली होती. दुसऱ्या तासात त्यानं हात जोडले. चौथ्या तासापर्यंत पॅकिंगवाले चारांचे चाळीस झाले होते आणि टाळ्यांनी गोदाम दणाणत होतं. "आईंना हे सगळं पहिल्यापासून सांगायचं," मास्तर म्हणाले. "तू मधे बोलू नकोस. छत्रीचा भाग मी सांगणार!" बायको हसत होती. तिच्या मांडीवर शिक्क्याची पावती होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

ऊन उतरायच्या आधी ते घरी पोहोचले. दुकानाचं शटर अर्धं वर!

"चोर!" मास्तर कुजबुजले आणि कात्री शोधायला लागले.

आत गिऱ्हाइकांच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. हात काळे, शेजारी हातोडी, पाने, स्क्रूड्रायव्हर ओळीत मांडलेले.

"आई! तू उद्या येणार होतीस ना?"

"फोनवर जावईबापूंच्या आवाजातली हवा गेली होती. म्हटलं, जाऊन बघावं. शेजारणीनं किल्ली दिली." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "दारावर नवा ओरखडा, फरशीवर पलंगाच्या पायांच्या खुणा आणि पलंग जागेवर नाही. म्हटलं, अडतोय म्हणून कुठे कापायला नेला वाटतं. तेवढ्यात मी हे करून ठेवलं."

त्यांनी दाराला एक बोट लावलं. दार बाहेर उघडलं! दुकानाच्या बाजूला, अलगद, न कुरकुरता! मग त्यांनी ते लावलं, पुन्हा उघडलं, कडी खाली-वर करून दाखवली.

"बिजागऱ्या काढल्या, या अंगाला बसवल्या. कडी फिरवली. चौकटीची पट्टी तेवढी शेजारच्या सुतारानं सरकवली, गुडघ्यांमुळे मला खाली बसवत नाही. अहो जावईबापू, चाक मडगार्डला घासतं म्हणून कुणी चाक परत करतं का? मडगार्ड सरकवायचं!"

मास्तर दाराकडे बघत राहिले. शिंप्यानं कपडा बदलला असता, पोस्टानं पार्सल परत पाठवलं असतं. आणि या बाईनं अडीच फुटांचं दार उलटं फिरवून खोलीला अडीच फूट माया काढून दिली होती! मानलं बुवा!

"आता सात फुटी काय, आठ फुटी मावेल," सासूबाई म्हणाल्या. "आणा पलंग आत. टेम्पोतच आहे ना?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं मास्तरांकडे.

"आणा की!"

"आई," बायको म्हणाली, "परत केला."

"परत? कुठे?"

"दुकानात."

"फोनवर म्हणाली होतीस, त्या दोनशे किलोमीटरवरच्या?"

"दोनशे दहा," मास्तर पुटपुटले.

सासूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग त्या रिकाम्या, रंग लावलेल्या, दार उत्तम उघडणाऱ्या खोलीकडे. आणि हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा बाकावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

लेकीला मात्र हसू येईना. "आई, पलंग नाही म्हणून तू परत तर नाही ना जाणार?"

"परत कशाला जाऊ? पलंग मागितला होता का मी? मी दार मागितलं होतं. पलंग तुम्ही आपल्या मनानं आणलात."

हे दोघांनाही तेव्हाच आठवलं. खरंच! अट ऐकल्यापासून दोघांनी पलंगापायी रजा टाकली, खोकं शिवलं, चारशे वीस किलोमीटर टेम्पो हाकला, आणि म्हातारीनं पलंगाचं नावही काढलं नव्हतं! बायको आईच्या शेजारी बसली आणि तिच्या त्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातावर डोकं टेकून रडली. आईनं हात काढला नाही. नुसतं म्हणाली, "केस खराब होतील गं."

मग गिऱ्हाइकांचे दोन बाक आत नेऊन शेजारी शेजारी लावले. मास्तरांनी ते आधी टेपनं मोजले, तेही कुणी न सांगता. वर जाड गादी घातली. सासूबाईंनी हात धुतले, चहा घेतला, आपली पिशवी उचलली आणि आत जाऊन गादीवर बसून पाहिली. "झकास!" म्हणाल्या.

आता हीच वेळ! मास्तर उंबऱ्यापाशी आले, घसा साफ केला, शर्टाची कॉलर नीट केली. चार तास घोकलेली गोष्ट ओठांवर तयार होती. "तर आई, त्याचं असं झालं! आम्ही आत गेलो तेव्हा काउंटरवर एक मुलगी होती, आणि तो सुपरवायझर आला ना, त्यानं ती छत्री पाहिली आणि..."

दार अलगद आलं. मास्तरांच्या नाकाशी लागलं. आतून कडी पडली, खट्!

"उद्या सांगा, जावईबापू," आतून आवाज आला. "आत्ता मी दार लावलंय."